माझ्याच कमानीत अडकलेला डबा

कंटेनरच्या गाडीवर नव्यानं येणाऱ्या ड्रायव्हरांसाठी चार हिताच्या गोष्टी लिहून द्या, असं या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, तेव्हा सगळ्यात आधी सारिकाची आई हसली. सारिकाची आई म्हणजे माझी बायको. ती भाजी निवडत होती, ती बाजूला ठेवून हसली. मग आमची मुलगी सारिका हसली. मी फोनवर हात ठेवून दोघींना गप्प केलं आणि संपादकांना भारदस्त आवाजात म्हणालो, "देतो की. आयुष्य गेलंय यात."

आयुष्य गेलंय हे खरं आहे. कशात गेलं ते मात्र नीट सांगितलं पाहिजे, कारण संपादकांचा असा समज दिसतो की मी या धंद्यातला मोठा वस्ताद आहे. हा समज मीच पसरवलेला आहे. आमचं गाव महाळुंग्याच्या जवळ. कंपन्या आल्या, शेताच्या बांधावरून रस्ते गेले, आणि त्या रस्त्यांवरून कंटेनर यायला लागले. मी आधी बटाट्याचा टेम्पो चालवायचो, मग कंटेनरच्या ट्रेलरवर गेलो. गावातला पहिला कंटेनर ड्रायव्हर मीच. पहिला असल्याचा फायदा असा, की चुकलेलं कुणाला कळत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंटेनरची गाडी म्हणजे तीन वेगवेगळ्या वस्तू असतात. पुढचं इंजिनवालं तोंड, त्याला आम्ही घोडा म्हणतो. त्याला जोडलेला मागचा लांब सांगाडा तो ट्रेलर. आणि त्यावर ठेवलेली लोखंडी पेटी, तो डबा. परदेशातून माल भरलेला डबा न्हावाशेवा बंदरात जहाजातून उतरतो, आपण तो घाट चढून चाकणला आणायचा, माल उतरवून द्यायचा आणि रिकामा डबा परत नेऊन द्यायचा. ऐकायला सोपं आहे. मलाही सोपंच वाटलं होतं.

पहिली गोष्ट लॉकची. डबा ट्रेलरवर नुसता ठेवलेला नसतो, चार कोपऱ्यांना चार लॉक फिरवून तो पक्का करायचा असतो. नवा माणूस लॉक लावायला विसरेल अशी सगळ्यांना भीती असते. मी लावायला कधी विसरलो नाही. मी काढायला विसरलो. डबे ठेवायच्या यार्डात क्रेननं माझा डबा वर उचलला, तर त्याच्यासोबत ट्रेलरही वर निघाला. मी बाजूला उभा राहून दुसऱ्या एका ड्रायव्हरला लॉकचं महत्त्व समजावून सांगत होतो. तो माझ्या खांद्यावरून मागं बघत म्हणाला, "काका, तुमची गाडी चालली वर." क्रेनवाला शहाणा होता, त्यानं हळूच खाली ठेवली. त्या यार्डात मला पुढं बरीच वर्षं विमानवाले काका म्हणायचे.

दुसरी गोष्ट वळणाची. घोडा जिथून वळतो तिथून ट्रेलर वळत नाही. तो आतल्या बाजूनं कोपरा खात येतो. म्हणून डावीकडं जायचं असेल तर आधी चांगलं उजवीकडं जावं लागतं, आणि मागचे मोटरसायकलवाले शिव्या देतात त्या ऐकाव्या लागतात. मला शिव्या ऐकायला आवडत नसत, म्हणून मी एकदा चौकात सभ्य माणसासारखा वळलो. डब्याच्या कोपऱ्याला एका भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अडकला, बांबूसकट. मला पत्ता नाही. हात जोडून हसणारे ते साहेब माझ्या गाडीवरून रावेत ओलांडून, घाट उतरून थेट शेवापर्यंत गेले. वाटेत लोक माझ्याकडं बघून हात करत होते आणि मीही मोठ्या प्रेमानं हात करत होतो.

तिसरी, डबा बंद असतो. आत काय आहे आणि ते कसं ठेवलंय हे आपल्याला दिसत नाही, म्हणून ब्रेक बेतानं मारायचा. एकदा आत तेलाची मोठी पिशवी होती, डब्याएवढी. तळेगावच्या चौकात मी ब्रेक मारला, गाडी झकास थांबली, आणि मग मागून तेल आलं. म्हणजे आतलं तेल हेलकावा खाऊन पुढच्या भिंतीवर आदळलं आणि थांबलेली गाडी पुन्हा हातभर पुढं गेली. पुढच्या भाजीच्या टेम्पोला टेकली. टेम्पोवाला खाली उतरला, त्यानं माझ्याकडं नीट निरखून बघितलं आणि विचारलं, "राव, थांबून मग ठोकली व्हय?"

चौथी गोष्ट उंचीची. ही जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण हिच्यात आमच्या घरातला एक मोठा प्रश्न अडकला होता.

सारिका आमची एकुलती एक. गावाच्या पलीकडच्या अंगाला मोठं गोदाम आहे, तिथं ती फोर्कलिफ्ट चालवते. पुढं दोन लोखंडी सोंडा असलेली ती छोटी गाडी, डब्यातला माल उचलून बाहेर काढते. मी आणलेले डबे तिनं कितीदा रिकामे केले असतील. ते करता करता तिच्या मनानं घेतलं की आपण ट्रेलर चालवायचा. तिनं गुपचूप जड वाहनाचं लायसन्स काढलं. मग आमच्या ट्रान्सपोर्टच्या शेठला भेटली. शेठनं तिची दोन-तीनदा परीक्षा घेतली आणि मला बोलावून सांगितलं, "पोरीचा हात चांगला आहे. दसरा झाला की गाडी देतो. पण तिच्या आईचा होकार पाहिजे. उद्या माउली माझ्या ऑफिसात येऊन बसल्या तर मला जमायचं नाही."

होकार मिळायची चिन्हं नव्हती. सारिकाच्या आईचं ट्रेलरविषयीचं मत माझ्यामुळं तयार झालेलं होतं. लग्नानंतर ती एकदाच माझ्या गाडीत बसली. तिला पनवेलला भावाकडं जायचं होतं, मी म्हटलं चल, राणीसारखी नेतो. घाटात मी तिला माझं कसब दाखवत होतो. बारीक गिअरमध्ये भरलेली गाडी कशी रोखून धरायची, वळणावर नजर कुठं ठेवायची, असं बरंच काही सांगत होतो. ती डोळे मिटून माहेरचे, सासरचे आणि शेजाऱ्यांचे सगळे देव आठवत होती. खोपोलीला ती उतरली आणि पनवेलला न जाताच एसटीनं परत घरी आली. त्या दिवसापासून माझ्या गाडीला तिनं फक्त हळदकुंकू लावलं, पाय लावला नाही.

"एकाचा घोर लागलाय तेवढा पुरं," ती सारिकाला म्हणायची. "आता दोघांची वाट बघत बसू का मी दारात?"

"आई, मी आप्पांसारखी चालवणार न्हाई," सारिका म्हणायची.

मी तिथंच जेवत असायचो.

आता कमानीविषयी. आमच्या गावाच्या वेशीवर नवी कमान बांधायची ठरली तेव्हा उंचीचा प्रश्न आला. सरपंच बबन माझा चुलतभाऊ. तो म्हणाला, "कंटेनरचं आपल्याला काय कळतंय? आप्पाला इचारा." मी दोन दिवस या मानात फिरलो. मग गवंड्याला सांगितलं की कंटेनरवर हातभर जागा मोकळी सोड, बास. त्यानं सोडली. कमान दिमाखात उभी राहिली, वर दोन सिमेंटचे बैल, मध्ये गावाचं नाव. उद्घाटनाच्या भाषणात बबननं माझा उल्लेख "तांत्रिक सल्लागार" असा केला.

तांत्रिक सल्लागाराच्या डोक्यात साधा डबा होता. डबे दोन उंचीचे येतात, एक साधा आणि एक उंच. उंच डबा फूटभर जास्त उंच असतो, आणि तो ओळखू यावा म्हणून त्याच्या वरच्या कोपऱ्यांवर काळेपिवळे पट्टे मारलेले असतात. मी सोडलेल्या हातभर जागेतली फूटभर उंच डब्यानं खाल्ली. पुढं रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला, त्यानं आणखी थोडी खाल्ली. उरली दोन बोटं. म्हणून उंच डबा असला की मी मागून, कंपन्यांच्या वसाहतीच्या रस्त्यानं गोदामात जायचो आणि गावात कुणाला काही बोलायचो नाही.

पण खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं अवजारांची पूजा असते. मारुतीच्या देवळापुढं गावातले ट्रॅक्टर, टेम्पो, मोटरसायकली, सगळं धुऊनपुसून लागतं. माझ्या ट्रेलरवर नेमका भरलेला उंच डबा होता. मला वाटलं, आज गाडी कमानीखालून गावात न्यावी. सारिकाच्या आईनं बघावं, गाव गाडीला कसा मान देतं ते. मग सारिकाचा विषय काढावा.

बबन ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उभा राहून वर बघत होता. मी इंच इंच पुढं घेतली. "दोन बोटं ऱ्हायली, आप्पा! यिऊ दे, यिऊ दे!" गाडी सुखरूप आत आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खिडकीतून सारिकाच्या आईकडं बघितलं. ती नारळाच्या शेंड्या काढत होती.

मी तसाच पुढं गोदामात गेलो. तिथं सणामुळं लवकर सुट्टी होणार होती, म्हणून सारिकानं आणि तिच्या लोकांनी घाईनं डबा रिकामा केला. सारिका माझ्या शेजारी बसली, आम्ही देवळापुढं आलो. झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ, सगळं यथासांग झालं. बंदराची गाडी थांबून राहत नाही असं मी दोन-तीन जणांना ऐकू जाईल असं म्हणालो आणि निघालो. या वेळी बबनला ट्रॅक्टरवर चढवलं नाही. जो डबा सकाळी आत आला, तो दुपारी बाहेर जाणार नाही होय?

नाही जात. नव्या ड्रायव्हरांनो, हे वाक्य गिरवून ठेवा. भरलेल्या डब्याच्या वजनानं चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबलेले असतात, टायर बसलेले असतात. माल काढला की गाडी उसासा टाकून वर उठते. सकाळची माझी दोन बोटं तिनं घेतली आणि वर आणखी एक बोट मागितलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. हे मी लोकांना शिकवत होतो.

आवाज फार मोठा झाला नाही. कुणीतरी पोलादी कपाट ओढल्यासारखा झाला. घोडा कमानीच्या बाहेर गेला होता, डब्याचं पुढचं टोक तुळईखाली रुतून बसलं होतं, आणि वर एका सिमेंटच्या बैलाचं शिंग तुटून माझ्या काचेवर आलं होतं. अख्खं गाव सणाच्या कपड्यांत मागं उभं होतं. मोबाईल निघाले.

बबन आला. त्यानं वर बघितलं, माझ्याकडं बघितलं. "तांत्रिक सल्लागार," तो म्हणाला, एवढंच.

मी सारिकाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती आईकडं बघत होती. आई देवळाच्या पायरीवर उभी होती, आणि त्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं की दसऱ्यानंतरची गाडी गेली. माझी लाज मला सोसली असती, तिची सवय आहे. पण पोरीला मिळायचा होकार माझ्या डब्यासोबत त्या कमानीत अडकला, याचं मला फार वाईट वाटलं.

मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाला कमान फोडा, एक म्हणाला डबा कापा, एक म्हणाला रस्ता खणा. मी घोड्याच्या मागच्या चाकांची हवा कमी केली. डबा थोडा खाली आला, पण कोपरा तुळईला धरून राहिला. थोडंच वजन हवं होतं. सणाच्या दिवशी पोती भरलेला ट्रॅक्टर आणायचा कुठून? पोरं खिदळत होती, बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एवढ्यात सारिकाच्या आईचा संयम संपला.

"निस्ती हसत्यात मेली सगळी!" ती कडाडली. "येवढी वजनदार माणसं भाईर उभी ऱ्हाऊन दात काढत्यात, त्यापरीस आत बसवा की समद्यांना!"

ती रागानं बोलली होती. पण बबननं ते मनावर घेतलं. डब्याचं मागचं दार उघडलं, ट्रॅक्टरची ट्रॉली मागं लावली, आणि गाव चढायला लागलं. एवढ्यात कुणीतरी विचारलं, "पर गाडी कोण चालवणार?"

"मी," मी म्हणालो.

चढणारे थांबले. दोघं उतरले.

"आप्पा, वाईट मानू नगं," बबन म्हणाला. "तू चालवणार आसशील तर आमी न्हाई बसत. सारिका चालवणार आसंल तर बसतो."

मी वाईट मानलं. पण वेळ मानापमानाची नव्हती, आणि दुसरं असं की बबनचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. गाडी मागं घ्यायची होती, आणि ट्रेलर मागं घेणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. स्टिअरिंग डावीकडं फिरवलं की ट्रेलर उजवीकडं जातो. भल्याभल्यांचा इथं गोंधळ होतो, माझा अजून होतो. घोड्याला तर दोन्ही खांबांमधून सरळ मागं यायचं होतं. फोर्कलिफ्टची मागची चाकं वळतात, त्यामुळं असं उलटं चालवणं सारिकाच्या हातात रोजचंच बसलेलं होतं. "शिवाय," बबन पुढं म्हणाला, "तुझं वजन आतच लागंल."

म्हणून मी आत गेलो. पुढचं टोक दाबायचं असल्यानं सगळ्यांनी अगदी पुढं सरकायचं होतं. डब्यात लाकडाचा आणि ग्रीसचा वास येत होता, पुढं पुढं अंधार होत गेला. सारिकाच्या आईला बायकांनी ओढत आणलं होतं. ती सगळ्यात पुढं, लोखंडी भिंतीला पाठ लावून बसली. तिथून तिला माणसांच्या पाठींशिवाय काही दिसत नव्हतं. मी दाराकडच्या बाजूला होतो. कुणीतरी आरती म्हणायला सुरुवात केली, प्रसादाची वाटी अंधारातून फिरायला लागली.

"पोरीला म्हणावं, दमानं," पुढून तिचा आवाज आला. मग हळू आवाजात तेच देव सुरू झाले. खोपोलीपर्यंतची यादी मला पाठ होती.

ट्रॉली बाजूला झाली आणि बाहेरून बबननं हाळी दिली. डबा एक बारीकसा हुंकार देऊन सुटला. मी उघड्या दारातून बघत होतो. देवळाचं शिखर हळूहळू जवळ येत होतं, बाजूचे ट्रॅक्टर दोन्हीकडून सरकत मागं जात होते, रस्त्यावरच्या रांगोळ्या सुद्धा तिनं दोन चाकांच्या मधे घेतल्या. आरतीच्या टाळ्यांचा ठेकाही चुकला नाही. मी इतकी वर्षं गाडी चालवली, पण अशी गाडी मागं येताना मी आतून कधी अनुभवली नव्हती. माझा ऊर भरून आला, आणि आपण आजवर लोकांना काय काय सोसायला लावलं तेही कळलं.

गाडी थांबली. इंजिन बंद झालं, ट्रॉली पुन्हा दाराला लागली. मागचे लोक उतरायला लागले, तेव्हा पुढून आवाज आला.

"काय झालं? न्हाई जमत का? सुरू कर म्हणावं गाडी, जीव गुदमराया लागलाय."

गर्दी बाजूला झाली, ती वाट काढत दारापर्यंत आली. समोर मारुतीची पायरी होती. लांब कमान दिसत होती, मोकळी, एका शिंगाचा बैल घेऊन उभी. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"तुमी किती वर्सं चालवताय म्हणं ही गाडी?" तिनं विचारलं.

सारिका खाली उतरून उभी होती. आई ट्रॉलीवरून खाली उतरली, तिच्याजवळ गेली, पदरानं तिच्या कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाली, "समुद्र दिसतो का गं तिथनं, त्या तुमच्या बंदरावरनं?"

दसऱ्यानंतर शेठनं सारिकाला गाडी दिली. बैलाचं शिंग मी नवं बसवून दिलं, ते दुसऱ्या शिंगापेक्षा थोडं आखूड झालंय. कमानीवर आता "उंच डब्यांना प्रवेश नाही" अशी पाटी आहे. ती बबननं माझ्याच हातून लावून घेतली.

मग एके दिवशी सकाळी आम्ही तिघं शेवाला निघालो. बंदराच्या आत बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत, पण अलीकडून खाडी दिसते, उंच क्रेनी दिसतात, नशीब असेल तर जहाजही दिसतं. सारिका स्टिअरिंगवर, तिच्या शेजारच्या सीटवर तिची आई, मांडीवर धपाट्यांचा डबा. मला सीटच्या मागची ड्रायव्हरच्या झोपायची फळी दिली होती. मी ठरवलं होतं की घाट आला की उठून बसायचं आणि पोरीला चार हिताच्या गोष्टी सांगायच्या. म्हणून जरा पाठ टेकली.

जाग आली तेव्हा दोघी धपाटे खात कसल्यातरी गोष्टीवर हसत होत्या. मी गडबडीनं उठलो.

"सारिका, घाट आला का गं?"

तिच्या आईनं मागं वळूनही बघितलं नाही.

"कवाच गेला," ती म्हणाली. "झोपा तुमी."